वाचनालयाच्या कमानीवरची वेल

कारंज्यातल्या जुन्या वाचनालयाच्या कमानीवर चुन्याची नक्षी आहे. मधे पोपट, आणि दोन्ही बाजूंनी वर चढत गेलेली वेल. डावीकडची वेल इमारतीइतकीच जुनी. उजवीकडची माझ्या अब्बांनी केली.

अब्बा गवंडीकाम करायचे, हातात नक्षी होती. त्या बाजूचा गिलावा ढासळला तेव्हा वाचनालयाच्या लोकांनी त्यांना बोलावलं. अम्मीला जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. घरी मला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली की मी थेट तिथेच जायची आणि पायरीवर बसून बांबूच्या मचाणावरची त्यांची पाठ बघत राहायची.

एका दुपारी वाचनालयाचे म्हातारे सेक्रेटरी बाहेर आले. वर बघून म्हणाले, "मिस्त्री, हे पानं तिकडल्यासारखे नाही दिसून राह्यले. काहून?"

"तिकडले दुसऱ्या कोनाच्या हातचे हायेत, साहेब," अब्बा म्हणाले. "मले असेच येतात."

सेक्रेटरींनी दोन्ही वेली पुन्हा एकदा पाहिल्या. मग "राहू द्या," म्हणून आत गेले.

घरी जाताना सायकलच्या कॅरियरवरून मी विचारलं, "खरंच तसे येत नाहीत तुम्हाले?"

"येतात नं," अब्बा म्हणाले. "पन तुही अम्मी ईदले हातावर मेंदी काढे, ते वेल हाय हे."

मला अम्मीचा आवाज आठवत होता, हात आठवत नव्हते.

पुढे लग्न होऊन मी आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला आले. अब्बा गेले, घर दुसऱ्यांचं झालं. मधल्या काळात कोणीतरी कमानीला पिवळा ऑइलपेंट फासला, मग त्यावर आणखी एक हात. पानं बुजून नुसते उंचवटे उरले. ते एकदा बघितलं आणि त्यानंतर मी त्या रस्त्याने जायचंच सोडलं.

गेल्या हिवाळ्यात जुन्या शेजारच्या चाचींचा फोन आला. "वाचनालयाचा रंग खरडून राह्यले. येतं का पाहाले?"

मी सकाळचीच बस धरली. मचाणावर एक तरुण बाई ब्रशने पानांच्या खाचा साफ करत होती. मी कोण ते सांगितलं, तशी म्हणाली, "या वरते, मावशी. सांभाळून." माझा हात धरून तिने मला वर घेतलं. मी वेलीवर तळवा ठेवला. चुना उन्हाने तापला होता.

"ह्या पानाची कड तुटली," ती म्हणाली. "भरून देऊ का?"

"नको," मी म्हटलं.

तिने दुसरा ब्रश माझ्या हाती दिला. उरलेली पानं आम्ही दोघींनी मिळून मोकळी केली.

आता अधूनमधून जाते. पेपर वाचायला आलेली माणसं पायरीवर सरकून जागा देतात. मी वर बघत बसते. अम्मीची बोटं लांब होती की आखूड, ते त्या वेलीवरून कळत नाही, आणि विचारावं असं कोणी उरलं नाही.