टेकडीला दोन माणसं लागतात

उभ्या आयुष्यात मी माझ्या व्याह्यांइतका भित्रा माणूस पाहिला नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. त्यावर ते म्हणाले, "भित्रा नव्हे व्याहीबुवा, सावध. भित्रा माणूस पळतो. मी थांबून बघतो." आता थांबून बघणाऱ्या माणसाबरोबर राहायचं म्हणजे आपल्यालाही थांबावं लागतं, त्यामुळे न्यू जर्सीतला माझा निम्मा काळ त्यांच्या मागे उभं राहण्यात गेला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घराच्या पायऱ्यांवर मीठ टाकणं. इथं बर्फ पडला की पायऱ्यांवर जाडं मीठ टाकतात, म्हणजे पाय घसरत नाही. सगळं गाव मूठ मूठ फेकतं. आमचे व्याही वाटीनं टाकायचे. एका पायरीला दोन वाट्या. पायऱ्या तीन, म्हणून सहा. त्या शुक्रवारी सकाळी मी मुद्दाम सातवी टाकली, तर म्हणाले, "आमटी खारट होईल." हा त्यांचा एकुलता एक विनोद. हिवाळाभर रोज करायचे, आणि रोज केल्यावर मी हसतो का ते थांबून बघायचे.

माझी लेक त्यांच्या थोरल्याला दिलेली. मी कराडचा, सायकल दुरुस्तीचं दुकान, शाळा चौथीपर्यंत. ते साखर कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. तीस वर्षांत आपल्या कारखान्यात एका माणसाचं बोटसुद्धा तुटलं नाही असं ते सांगत, आणि सांगताना स्वतःची दहा बोटं पुढं धरून दाखवत, जणू पुरावा म्हणून. मी आणि आमची मंडळी सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलो होतो. मुलीच्या बापानं लेकीच्या घरी पाणीसुद्धा पिऊ नये म्हणतात, आणि मी तर दोन्ही वेळा भात खात होतो. पण व्याह्यांनी पहिल्याच दिवशी माझं पान आपल्या शेजारी मांडायला लावलं. मान म्हणून नव्हे. "या खुर्चीचा पाय हलतो. तुम्ही इथं बसा, हिची मी परीक्षा घेतली आहे."

परीक्षा न घेता त्यांनी काहीच केलं नाही. पँटला पट्टा, वर खांद्यावरून गॅलिस. एक तुटलं तर दुसरं. मुलाच्या गाडीत मागे बसायचे आणि प्रत्येक चौकात "लेफ्ट क्लिअर! राइट क्लिअर!" असं ओरडायचे. जावई एकदा वैतागून म्हणाला, "बाबा, मी पंधरा वर्षं ड्राइव्ह करतोय यार." वडिलांना यार म्हणाला हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. ते म्हणाले, "बोलू नकोस, पुढे बघ." गणपतीत कापूर पेटवला आणि छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला, तेव्हा आम्ही सगळे घाबरलो. हे शांत. आधीपासूनच एका हातात वाळूची बादली आणि दुसऱ्या हातात ओला टॉवेल घेऊन उभे होते, त्यामुळे टाळ्या वाजवायला हात मोकळे नव्हते म्हणून नुसती मान हलवत होते. आमची मंडळी त्यांना म्हणाली, "व्याहीबुवा, देवालाही बेल्ट बांधा. पाटावरून पडायचा." दुसऱ्या दिवशी बघतो तर मूर्तीला मागून सुतळी बांधून पाटाला घट्ट केलेली! ती इतकी हसली की पदर तोंडात कोंबून न्हाणीघरात जाऊन बसली. पुढं चार दिवस भाजी चिरताना मध्येच तिला आठवायचं आणि विळी थांबायची.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी ती गेली. सकाळी चहा घेतला, कपबशी विसळून ठेवली, जरा पडते म्हणाली, आणि गेली. कराडच्या घराला कुलूप लावून आलो होतो. त्याची किल्ली तिच्या बटव्यात. बटवा उघडायला माझा हात होईना, म्हणून मी परत गेलो नाही. लोकांना सांगितलं, लेक सोडत नाही. रस्त्याकडच्या खिडकीपाशी एक खुर्ची होती. तिथं तिची शाल पांघरून बसायचो, सकाळी बसलो की दिवे लागेपर्यंत. समोरच्या घरातही खिडकीत एक म्हातारा गोरा असाच बसलेला असायचा. त्याचं कोण गेलं होतं मला ठाऊक नाही. दोन महिने आम्ही एकमेकांना बघितलं आणि एकदाही हात वर केला नाही. लेक म्हणायची, "बाबा, जरा बाहेर तरी जाऊन या." मी म्हणायचो, "जाऊन काय करू? कोणाचं पंक्चर काढू?"

मग बर्फ पडला. नात, अनू, नऊ वर्षांची. शाळेमागं एक टेकाड आहे, त्यावरून पोरं प्लॅस्टिकच्या पाटावर बसून घसरत खाली येतात, त्याला स्लेडिंग म्हणतात. आमच्याकडं पोरं केळीच्या सोपावर बसून घसरायची, तसंच. अनूला बाहेर सोडायच्या आधी व्याही तिला कपडे घालायचे. सहा थर. वर पट्ट्यानं उशी. एवढं झाल्यावर पोरीचे हात अंगाला लागायचे नाहीत, ती दारातून आडवी निघायची. "आजोबा, आय कान्ट बेंड!" "वाकायचंय कशाला? पडल्यावर उठवायला मी आहे." मला कळवळा आला. खुर्चीतून उठलो, गॅरेजमध्ये ट्रकची जुनी ट्यूब होती तिचं पंक्चर काढलं, हवा भरली, आणि पोरीला दिली. दोन महिन्यांत मी केलेलं ते पहिलं काम. व्याह्यांनी ती ट्यूब चहूबाजूंनी पाहिली. "स्टिअरिंग कुठं आहे?" "नाही." "ब्रेक?" "नाही." "मग ही गाडी नव्हे, हा अपघात आहे," म्हणाले, आणि हवा काढली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. कारखान्यात याच माणसानं तीस वर्षं लोकांना जगणं नकोसं केलं असणार, असं लेकीला सांगितलं, त्यांना ऐकू जाईल असं.

पण व्हायचं ते वेगळंच झालं. कोणाच्या तरी पोराचं मनगट मोडलं, वकिलाचं पत्र आलं, विम्यावाले गावच्या कमिटीच्या मानगुटीवर बसले, आणि कमिटीनं टेकाडावर पाटी ठोकली : इथं घसरायला मनाई. आधीच बागेतली उंच घसरगुंडी आणि सी-सॉ उपटून नेले होते, आता हेही गेलं. अनू घरी येऊन रडली. मला वाटलं व्याही पेढे वाटतील. ते टोपी घालून गेले, पाटी वहीत उतरवून आणली, आणि दुसऱ्या दिवसापासून लायब्ररीत जाऊन बसले. गावचे सगळे नियम वाचले. आठ दिवसांनी जेवताना म्हणाले, "बंदी घालणं म्हणजे सेफ्टी नव्हे. मीपण कारखाना बंद ठेवतो म्हणालो असतो, तर एकही अपघात झाला नसता. साखर कोणी केली असती?" मी म्हणालो, "मग माझी ट्यूब?" "ट्यूबचं नाव काढू नका."

कमिटीच्या मीटिंगला ते कोट, टाय आणि वर माकडटोपी घालून गेले. मी घरी होतो, पण अनू सांगते की त्यांनी पाऊण तास भाषण केलं, फळ्यावर टेकाडाचं चित्र काढलं, आणि शेवटी दहा बोटं दाखवली. कमिटीनं थकून परवानगी दिली. शनिवार-रविवार, दहा ते बारा, झाडांना काहीतरी मऊ बांधायचं, आणि मोठ्या माणसांची देखरेख हवी. पत्र आलं त्या दिवशी ते माझ्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले.

"व्याहीबुवा, उठा. टेकडीला दोन माणसं लागतात."

"जावयाला न्या."

"त्याला शनिवारी लॅब असते. एक वर, एक खाली. नियम आहे. दोन नसली तर बंद."

"मला इंग्रजी येत नाही."

"खालच्या माणसाला इंग्रजी लागत नाही. लाल फडकं लागतं."

घरात लाल काही सापडेना. शेवटी मी तिची ट्रंक उघडली. निघताना कोणीतरी तिची ओटी भरली होती, त्यातला खण न शिवलेला तसाच होता. काठीला बांधला. व्याही त्या खणाकडे बघत होते, मला वाटलं काहीतरी बोलतील. "गाठ दुहेरी मारा," एवढंच म्हणाले.

झालं. सगळा हिवाळा मी टेकाडाच्या पायथ्याशी उभा. लाल फडकं वर असलं की कोणी सुटायचं नाही. खाली केलं की वरून व्याह्यांची शिट्टी वाजायची आणि एक पोर सुटायचं. एका वेळी एकच. पोटावर झोपून नाही, उभं राहून नाही, मागं तोंड करून तर नाहीच. झाडांना त्यांनी घरातल्या दोन गोधड्या बांधल्या. रस्त्यानं जाणारी एक गोरी बाई मोटार थांबवून विचारू लागली की हे झाड आजारी आहे का. व्याही म्हणाले, "नो मॅडम, प्रिव्हेन्शन." पहिल्या शनिवारी पोरं कुरकुरली. तिसऱ्या शनिवारी तीच पोरं नव्या पोरांना दरडावत होती, "वेट फॉर द रेड, स्टुपिड!" मी फडकं खाली केलं की चाळीस डोळे माझ्या हाताकडं लागलेले असत. खाली पोचलेलं पोर बर्फातून उठून माझ्याकडं बघायचं, मी मान हलवली की पुन्हा वर पळायचं. थंडीनं नाक गळायचं, पाय बधिर व्हायचे, आणि घरी आल्यावर मी भूक लागली म्हणून सांगायचो. लेक ताट वाढताना माझ्याकडं बघायची नाही. उगाच डाळ ढवळत राहायची.

फेब्रुवारीत त्यांच्या धाकट्याचं पत्र आलं. तो बॉथेलला असतो, अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि त्याच्याकडं बाळ यायचं होतं. तिथं बर्फ कमी, पाऊस फार. "जिने ओले असणार," व्याही म्हणाले. म्हणजे जायचं ठरलं. परत येतो म्हणाले. आमच्या वयात परत येतो म्हणणं म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

शुक्रवारी मीठ टाकून झाल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि रीतसर चार्ज दिला. सरकारी माणसाची बदली झाली की देतात तसा. कागदावर यादी. शिट्टी एक, दोरीसह. काठी व लाल खण एक. गोधड्या दोन, पैकी एक फाटकी. मिठाची वाटी एक. ट्यूब एक, हवा काढलेली. कमिटीचं मूळ पत्र एक. "वाचून घ्या," म्हणाले. मी म्हणालो, "पत्र इंग्रजीत आहे." "मग मिळाल्याची सही करा." मी मराठीत सही केली. त्यांनी ती थांबून बघितली, खाली तारीख घालायला लावली, आणि विमानतळावर जाताना मागच्या सीटवरून "लेफ्ट क्लिअर" ओरडत निघून गेले.

अनू शाळेतून आली तेव्हा मी तिला ते पत्र वाचायला दिलं. चार्ज घेतला होता, काय काय आलंय ते बघायला हवं. तिनं बोट ठेवून वाचलं. तास, वार, झाडं, सगळं होतं. मग म्हणाली, "वन अ‍ॅडल्ट."

"म्हणजे?"

"एक मोठा माणूस, आजोबा. जस्ट वन."

"नीट वाच."

"आय ॲम रीडिंग नीट!"

मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. एकच माणूस. ज्यानं उभ्या जन्मात एकही नियम वाकवला नाही, त्या माणसानं एक अख्खा नियम घरी बसून तयार केला होता. आणि खोटा चार्ज देणं त्यांच्याच्यानं होईना, म्हणून मूळ पत्र यादीत घातलं होतं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. लाँग डिस्टन्स म्हणजे ते घड्याळ समोर धरून बोलणार. "पोचलो. जिना बघितला. कठडा हलतो."

मी विचारलं, "व्याहीबुवा, टेकडीला माणसं किती लागतात हो?"

पलीकडं घड्याळ खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "दोन."

"बरं," मी म्हणालो.

"गाठ बघा सकाळी," म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. रात्री बर्फ पडला होता. उठून मीठ टाकलं, सहा वाट्या. शिट्टी गळ्यात घातली, खणाची गाठ ओढून बघितली, अनूला शेजारच्या पोरींबरोबर पुढं हो म्हणालो. मग डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि रस्ता ओलांडून समोरच्या घराची बेल दाबली. बराच वेळ लागला. म्हाताऱ्यानं दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगात झगा, पायात सपाता. जवळून बघितलं तर माझ्याहून चार वर्षांनी लहानच असेल. मी त्याला दोन बोटं दाखवली.

"टू मॅन," म्हणालो. "हिल. चिल्ड्रन. रूल."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी काठी त्याच्या हातात दिली. त्यानं तो खण बोटांनी जरासा चाचपला, टेकाडाच्या दिशेनं मान वळवली, आणि "वेट" म्हणून बूट शोधायला आत गेला.

मी खाली बघितलं. त्याच्या पायऱ्यांवर मीठ नव्हतं. तो येईपर्यंत घरी जाऊन वाटी घेऊन आलो. त्याच्या पायऱ्या चार निघाल्या. आठ वाट्या.