सत्यनारायणाच्या कॅसेटवरचा खुनी

“लॉफ्टमध्ये सत्यनारायणाची कॅसेट मिळालीय,” बाबा फोनवर म्हणाले. “जुना व्हीसीआरपण चालतोय अजून. संडेला ये, बघू या.”

त्या कॅसेटवर सत्यनारायण नव्हता, हे तीस वर्षं फक्त मला ठाऊक होतं. निदान मी तसं समजत होते.

चौदा वर्षांची असताना मी हा उद्योग केला. शाळेतल्या मुली एका भिकार खूनपटाबद्दल कुजबुजायच्या आणि तो टीव्हीवर मध्यरात्रीनंतर लागणार होता. घरात कोरी कॅसेट नव्हती, पूजेची होती. लंडनमधल्या हॅरोच्या घरातली पहिली पूजा. पूजेला नवीन लग्न झालेले काका-काकू बसले होते, म्हणून आई मोकळी होती आणि कुणाचा तरी कॅमेरा मागून आणून तिनंच सगळं शूट केलं होतं. पूजेची कॅसेट एकदा पाहिली की पुन्हा कुणी ढुंकूनही बघत नाही, हे मी ओळखीच्या प्रत्येक घरात पाहिलं होतं. पुसली जाऊ नये म्हणून बाबांनी कॅसेटच्या कडेचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडून टाकला होता. मी त्या भोकावर सेलोटेप चिकटवली, टायमर लावला आणि खुशाल झोपले.

आता आई जाऊन सतरा वर्षं झालीत. तिचे फोटो ढीगभर आहेत, आवाज कुठेच नाही. त्या कॅसेटमध्ये ती दिसणार नव्हती, पण कॅमेऱ्यामागून बोलणार होती. आणि त्यावर मी खून चढवले होते.

रविवारी दुपारी गेले तर बाबांनी टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. ट्रेनमध्ये पाठ केलेली कबुली मी देण्याआधीच त्यांनी कॅसेट आत ढकलली.

“थोडं फॉरवर्ड करू या का?” मी घाईनं विचारलं.

“अजिबात नाही. टेप जुनी आहे, मशीन चावून टाकेल.”

पडद्यावर कॅरावॅन पार्क, चाकांवरच्या घरांची वसाहत. पाऊस. पिवळा रेनकोट घातलेला माणूस हातात झाडं छाटायची कात्री घेऊन निघाला होता.

“बाबा, मला एक सांगायचंय—”

“माहीत आहे.” ते पडद्याकडेच बघत होते. “तू महिनाभर लाइट लावून झोपायचीस. आईला शंका आली. तिनं कॅसेट शोधली, आम्ही दोघांनी बघितली.”

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. “मग मला बोलला का नाहीत?”

“तिनं बोलू दिलं नाही. पोरगी घाबरलीय तेवढं बास झालं, म्हणाली.”

“तुम्हाला राग नाही आला?”

“आला ना. अजून येतो.”

सिनेमा काय रद्दी होता! एकच कॅरावॅन तीन वेगवेगळ्या माणसांची म्हणून दाखवलेली, रक्त म्हणजे बिटाच्या कोशिंबिरीचं पाणी. तरी माझं लक्ष घड्याळाकडे होतं. पूजा साधारण दीड तासाची होती. सिनेमा जाहिराती धरून किती लांबला होता, ते मला आठवत नव्हतं.

एक मुलगी अंधाऱ्या कॅरावॅनच्या दाराशी आली. “अगं बये, आत कशाला मरायला जातेस?” बाबा म्हणाले. मी दचकले. हे बाबांचं बोलणं नव्हतं. “आई हे म्हणाली होती,” ते म्हणाले. “माझा हात असा दाबला होता की नखं रुतली. मग तिनं टीव्हीच बंद केला. शेवट राहिलाच.”

“मग पुढं काही उरलंय का?”

“कधी बघितलं नाही. धीर झाला नाही.”

म्हणजे आम्ही दोघंही सिनेमा संपण्याचीच वाट बघत होतो. खुनी मरेना. तळ्यात बुडाला, वर आला, जळाला, पुन्हा उठला. मर रे एकदाचा, असं मी मनात म्हणत होते. शेवटी मेला. नावं सरकली, मग सोफ्याच्या सेलची जाहिरात लागली, मग पडद्यावर नुसत्या मुंग्या. बाबा खुर्चीच्या कडेवर सरकले. मी मशीनवरच्या आकड्यांकडे बघत राहिले.

अचानक आमचा जुना हॉल आला. आडवातिडवा, हलणारा. चौरंगावरची फुलं, प्रसादाच्या रिकाम्या वाट्या, दाराशी बूट घालणारे पाहुणे.

“झालं ना सगळं?” कॅमेऱ्यामागून आई म्हणाली. तिचा आवाज मला वाटत होता त्यापेक्षा खूपच तरुण होता. “अहो, हे बंद कसं करायचं?”

“अगं, ते लाल बटण दाब,” टीव्हीतले बाबा कुठूनसे ओरडले.

“नको दाबूस,” माझ्या शेजारचे बाबा म्हणाले.

तिनं दाबलं.