बादशाभाईच्या टाकीवरची खूण

बादशाभाईची थट्टा करायला आमच्या कारखान्यात कुणी मागंपुढं बघायचं नाही. त्यात मी सगळ्यांत पुढं. "काय बादशाभाई, आज टाकीनं किती दूध दिलं?" असं मी रोज सकाळी दारातूनच ओरडायचो. तो जर्मलचा मग उंच धरून म्हणायचा, "चार मग. छत्री आणलीस का रं दादू?" मी हसायचो, आणि संध्याकाळी भिजत घरी जायचो.

सांगलीत माधवनगरच्या रस्त्याला नानासोंचा कारखाना होता. शेतीच्या विहिरींवर बसतात ती तेलाची इंजिनं आम्ही करायचो. मी दादासो, तिथला रंगारी. इंजिनाला रंग मारायचा तो हवेच्या बंदुकीनं, आणि ती हवा यायची बादशाभाईच्या कॉम्प्रेसरातून. मशीन हवा दाबायची, दाबलेली हवा माणसाएवढ्या उंच लोखंडी टाकीत साठायची, तिथून नळीनं माझ्याकडं. म्हणजे त्याची हवा बिघडली की माझा रंग बिघडायचा.

आमची ओळखसुद्धा भांडणातूनच झाली. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या रंगाला फोड आले. वीस इंजिनं, सगळ्यांना देवी आल्यासारखे फोड! मी तणतणत त्याच्याकडं गेलो. "तुझ्या हवेतनं पाणी येतंय! टाकीत पाणी कोण वततंय रं?"

तो अजिबात चिडला नाही. बादलीतला ओला पंचा उचलून माझ्यासमोर पिळला. "हे बघ. आषाढात हवा अशीच ओली असती. बाजारात गुळाच्या ढेपा पाझरतात का न्हाई? ते हवेतलंच पाणी. ही मशीन हवा पिळती. पिळताना हवा तापती, तवर पाणी धरून ठेवती. टाकीत निवली की सोडती. ते तळाला साचतं. दिवसातनं एकदा काढत हुतो, आता तीनदा काढतो. तुझा रंग न्हाई फुटायचा."

आणि खरंच नाही फुटला. सात वर्षांत एकदाही नाही.

बादशाभाई कडेगावचा. बाप भांड्यांना कल्हई करायचा. पोराची शाळा चौथीत सुटली, आणि विसाव्या वर्षी तो धरणाच्या बोगद्यावर गेला. दगड फोडणाऱ्या यंत्रांना हवा पुरवायचं काम. तिथल्या एका मद्रासी साहेबानं त्याला दोन थर्मामीटर दिले होते. एक कोरडा, दुसऱ्याच्या बुडाला ओली चिंधी. दोन्हींत फरक जास्त, तर हवा कोरडी. फरक कमी, तर हवा ओली. हे दोन थर्मामीटर त्यानं कॉम्प्रेसरच्या खोलीत देवाच्या तसबिरीशेजारी लावले होते. खाली खिळ्याला सुतळीनं बांधलेली वही. रोज तीन वेळा त्यात लिहायचा : ओलं किती, कोरडं किती, पाण्याचे मग किती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. नानासो तर म्हणायचे, "ह्याला येधशाळेत धाडा!"

पंचाहत्तर सालचा पाऊस गणपती गेले तरी हटत नव्हता. वहीत पाण्याचे मग वाढत चालले होते. एके दिवशी त्यानं मला हाक मारली. स्वतः टाकीखाली उताणा झोपला होता. "दादू, हात लाव हितं." टाकीच्या पोटाखाली बोटाएवढा डाग होता, ओलसर. मी म्हणालो, "घाम आलाय की. पावसाळा हाय."

"गार तांब्याला भायेरनं घाम येतो, दादू. ही टाकी गरम हाय. गरम भांड्याला कवा घाम आलेला बघितलास? हे आतलं पाणी हाय. इतकी वर्सं तळाला साचून साचून पत्रा खाल्लाय."

खिशातून खडू काढून त्यानं डागाभोवती गोल काढला. दुसऱ्या दिवशी डाग गोलाबाहेर आला होता. त्यानं आणखी एक गोल काढला आणि नानासोंना आणून दाखवला. नानासो काही वाईट माणूस नव्हते, पण इंजिनांची मोठी मागणी अंगावर होती. म्हणाले, "दसरा झाला की नवी टाकी आणू. तवर भागव." बादशाभाईनं दाब निम्म्यावर आणला आणि दाबाचा काटा तिथंच राहावा म्हणून झडपेचा स्क्रू पिळून ठेवला.

त्या वर्षी ईद आणि दसरा आठ दिवसांच्या अंतरानं आले. ईदेला तो आठवडाभर कडेगावला निघाला. जाताना सायकल धरून माझ्याजवळ थांबला. "दादू, तीन येळा पाणी काढ. आन् खडूला हात लावू नगंस." मी म्हणालो, "जा की बाबा, शिरखुर्मा आण येताना."

पाणी मी काढलं. खरंच काढलं. पण खंडेनवमी तोंडावर आली होती. आमच्याकडं खंडेनवमीला यंत्राची पूजा, आणि पूजेआधी प्रत्येक यंत्र घासूनपुसून रंगवायचं, हे काम रंगाऱ्याचं. टाकी सगळ्यांत मोठी, दारातून दिसायची. मनात आलं, बादशाभाई येईल तेव्हा त्याची टाकी अशी चमकली पाहिजे की बघत राहील! मशीन दोन दिवस बंद होती. मी टाकी घासली, खाचखळग्यांत लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरली, तांबडा हात दिला, वर दोन हात हिरवा. पोटाखालीसुद्धा सोडलं नाही. खडूचे गोल पुसताना हात थांबला नाही का? थांबला असेल. पण मी काय म्हणालो मनाशी? रंगारी हाय मी, अर्धी टाकी रंगवू का! अरे गाढवा. गाढवा!

नानासो आले, वाकून बघितलं. डाग नाही, थेंब नाही. "घाम गेला की रं! उगंच भ्या घालत हुता तो." तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द निघायला हवा होता. मी नुसता हसलो, कारण त्यांनी रंगाची तारीफ केली होती.

खंडेनवमीला सकाळी बादशाभाई आला. टाकीसमोर नारळ फोडायचा मान दरवर्षी त्याचाच, तो त्यानं नीट फोडला. झेंडूची माळ घातली. मग वाकून टाकीखाली बघितलं आणि तसाच राहिला. हळूच मला म्हणाला, "खूण कुठाय, दादू?"

"रंगात गेली."

त्यानं खिशातून चाकू काढला. खरवडून बघणार होता. मी त्याचा हात धरला. "अरं बादशाभाई, नारळ फुटलाय. आज हत्यार चालवायचं न्हाई. तूच तर सगळ्यास्नी सांगतोस." त्यानं माझ्याकडं बघितलं, चाकू मिटला. "व्हय. खरं हाय. परवा बघू." वहीत काहीतरी लिहून गेला. दुसऱ्या दिवशी दसरा, कारखाना बंद. सोनं द्यायला तो माझ्या घरी आला होता, डब्यात शिरखुर्मा घेऊन.

तिसऱ्या दिवशी माल जायचा होता म्हणून नानासोंनी मला सहालाच बोलावलं. बादशाभाईची वेळ साडेसातची. नानासो म्हणाले, "चालू कर. स्क्रू सोड, पुरा दाब घे. टाकी कोरडी हाय आता." मी चालू केली. स्क्रू मीच सोडला. काटा चढत गेला. बंदूक झकास चालायला लागली आणि मी तिथंच खोलीत शीळ घालत रंग मारत होतो.

सातला बादशाभाई फाटकात आला. नुसत्या आवाजावरून त्यानं ओळखलं. सायकल फेकून धावत आला, मोटर बंद केली, मला आणि माझ्या हाताखालच्या दोघा पोरांना हातानं ढकलून खोलीबाहेर काढलं. "भायेर व्हा! भायेर!" नळीतनं हवा सुटायला वेळ लागला असता, खालचा पाणी काढायचा कॉक मोठा. तो टाकीखाली वाकला.

आवाज विश्रामबागेपर्यंत गेला म्हणतात. मला नंतर काही ऐकूच येत नव्हतं. सरकारी दवाखान्यात तो दोन दिवस होता, पण शुद्धीवर आला नाही.

चौकशीला सरकारी साहेब आले. त्याच्या आदल्या दिवशी नानासो माझ्या घरी येऊन बसले. डोळे लाल. "दादू, जो गेला तो गेला. तुला लेकरं हायत, मला पन्नास माणसांची चूल चालवायची हाय." मी मान हलवली. साहेबांनी विचारलं, टाकी आधी गळत होती का? मी म्हणालो, मला काय म्हाईत न्हाई. कागदावर आलं : ऑपरेटरनं टाकीतलं पाणी वेळेवर काढलं नाही, टाकी गंजली, त्याच्याच हलगर्जीपणानं अपघात झाला. खिळ्याची वही मी अपघातादिवशीच काढून घरी ट्रंकेत टाकली होती. का काढली, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

चाळिसाव्याला मी कडेगावला गेलो. वही शर्टाखाली. बादशाभाईची बायको, हाजराभाभी, पडवीत बसल्या होत्या, बाकी मंडळी आत. मला चहा दिला. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमी रोज संगं हुता. खरंच त्येंनी पानी काढलं न्हवतं का? गावात लोकं म्हणत्यात, बादशाच्या आळसानं झालं. सासरा जेवत न्हाई."

मी वही काढली. भाभींना वाचता येत नव्हतं, मी वाचत गेलो. ओलं किती, कोरडं किती, मग किती. सकाळ, दुपार, संध्याकाळ. सात वर्षांत कामावरचा एक दिवस गाळलेला नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मान हलत होती. शेवटचं पान आलं. ते मी घरी शंभरदा वाचलं होतं.

"खंडेनवमी. फरक एक. पानी काढलं न्हाई, नारळ फुटलाय. दादूनं टाकी लय झकास रंगवली. खूण गेली. परवा खरवडून बघायची. दादूला आज काय बोललो न्हाई, त्येचा सण हाय."

कसली खूण, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. डाग, खडू, लांबी, हिरवा रंग, स्क्रू, त्यानं आम्हाला बाहेर ढकललं ते, साहेबांचा कागद, सगळं. सांगताना रडलो, कपाळ बडवून घेतलं. त्या ओरडतील, शिव्या देतील, हाकलून देतील असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

भाभींनी माझ्या हातातली वही घेतली, पदरानं पुसली आणि मांडीवर ठेवली.

"ह्ये साहेबाम्होरं का न्हाई बोललासा, भाऊ?" त्या म्हणाल्या. "त्येंनी तर तुमाला आदी भायेर काढलं हुतं."