तात्यांचं दुसरं पान

सई, ओम,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सई मोठ्या आनंदात म्हणाली, "आजी, पुलाच्या पाहणीचा माझा पहिला रिपोर्ट! अख्खा एका पानात बसवला!" मी शाब्बास म्हटलं आणि फोन ठेवल्यावर हे पत्र लिहायला घेतलं. एका पानात बसवायची हौस मलाही होती. त्या हौसेचं काय झालं ते घरात फक्त तुमच्या आजोबांना ठाऊक होतं. आता तुम्हाला सांगते.

आमच्या ऑफिसातले तात्या मे महिन्यातही पंखा लावू देत नसत. माझगावात गोदीजवळ आमचं छोटं ऑफिस होतं. गोदामं, क्रेन, बॉयलर, जुन्या इमारती तपासायच्या आणि रिपोर्ट द्यायचा, हे काम. तात्या तिथले सर्व्हेअर, मूळचे मालवणकडचे. मी गिरगावातून इंग्रजी शिकून आलेली टायपिस्ट. पाहणीहून आले की ते खिशातून जुन्या पाकिटांचे कापलेले तुकडे काढत. एका तुकड्यावर एकच गोष्ट लिहिलेली. ते सगळे टेबलावर पत्त्यांसारखे मांडून चार गठ्ठे करत: पाहिलं, ऐकलं, वाटलं आणि पाहिलं नाही. वारा लागला की सगळं उडायचं. शेवटी मी घरून कपडे वाळत घालायचे चार लाकडी चिमटे आणले. तात्या खूश होऊन म्हणाले, "गो, ह्या तुका आधी कित्याक सुचूक नाय? दोन उन्हाळे घाम गाळलो मी!"

"बघलंस की आयकलंस?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. शिपायाने "मोठे साहेब आलेत" म्हटलं तरी हेच. एकदा तो वैतागून म्हणाला, "तात्या, त्यांच्या चपला बघितल्या." तात्या म्हणाले, "मग चपला आल्यात म्हण."

लिहायला बसण्याआधी ते मला विचारत, "हा कागद वाचून माणूस खुर्चीतून उठला की काय करणार?" त्यावर रिपोर्टची मांडणी ठरे. पाहणीचा रिपोर्ट वाचून कोणी माल चढवणार असेल, तर धोका पहिल्या ओळीत. कामाच्या प्रगतीचा रिपोर्ट म्हणजे सासूला पत्र. "अडचण सांगायची, रडायचं नाही." आणि अपघाताच्या रिपोर्टात आधी झालं ते आधी, चूक कोणाची ते अगदी शेवटी. पण रिपोर्ट कुठलाही असो, खाली 'पाहिलं नाही'ची यादी असायचीच. मोठ्या साहेबांना ती आवडत नसे. मलाही नसे. नीटनेटक्या कागदाला ते ठिगळ वाटायचं.

एकदा एका गोदामाच्या लाकडी पोटमाळ्याचा रिपोर्ट होता. माळा भक्कम दिसला होता. फक्त मागच्या भिंतीला गोण्यांची थप्पी होती, त्यामुळे तिथली तुळयांची टोकं तात्यांना बघता आली नव्हती. या तीन ओळी दुसऱ्या पानावर जात होत्या. रिपोर्ट न्यायला आलेला गोदाममालकाचा माणूस समोर बसून घड्याळ बघत होता. मी त्या ओळी गाळल्या. पान सुरेख दिसलं. तात्या दुसऱ्या कामाला निघाले होते, दारातच त्यांनी पेन उघडलं. "सगळा घेतलंस मां?"

"घेतलं."

त्यांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा ते ऐकण्यावर गेले, कारण सांगणारी मी होते.

तीन आठवड्यांनी माळ्याचा मागचा भाग खाली आला. एका हमालाचा पाय दोन ठिकाणी मोडला. तात्यांनी ऑफिसची प्रत काढून वाचली, कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली, आणि मला एवढंच म्हणाले, "चल, बघून येऊ."

हमाल वरळीला बीडीडी चाळीत राहायचा. पाय प्लास्टरमध्ये, खाली उशा. तो तात्यांना म्हणाला, "मुकादम बोलला, कागद आलाय, माळा पक्का आहे. कागद होता म्हणून तर चढलो, साहेब."

"त्या कागदावर माझी सही होती," तात्या म्हणाले.

मी कपात बघत बसले. त्याची बायको म्हणाली, "बाई, चहा निवतोय."

परत आल्यावर तात्यांनी अपघाताचा रिपोर्ट सांगितला आणि मी टाइप केला. शेवटी नेहमीची यादी आली. 'पाहिलं नाही' खाली एकच वाक्य: सही करण्यापूर्वी टाइप केलेली प्रत मी पाहिली नाही. माझे हात थांबले.

"तात्या, ओळी मी गाळल्या, ते लिहा ना."

"ता मी कसा लिहू? मी काय बघूक नाय. केलंस तू, तूच लिही."

साहेब मला काढतील अशी भीती होती. तरी मशीनवर नवा कागद चढवला. 'शेवटच्या तीन ओळी मी गाळल्या, पान नीट दिसावं म्हणून. तात्यांना सांगितलं नाही.' तात्यांनी त्या दोन ओळींवर बोट फिरवत त्या तीनदा वाचल्या. "हो तुझो पयलो रिपोर्ट," म्हणाले.

साहेबांनी तात्यांचा सहीचा अधिकार काढून घेतला. मला मात्र ठेवलं, कारण बाकी कुणाला इंग्रजी जमत नव्हतं. हा न्याय नव्हता, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं. तात्या निवृत्त होईपर्यंत त्यांच्या पाहणीवर दुसऱ्याची सही होत राहिली. ते मला कधी टोचून बोलले नाहीत. फक्त त्यानंतर मी प्रत आणली, की ते स्वतःलाच विचारत, "बघलंस की आयकलंस?" आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचत.

निवृत्त होऊन ते गावी गेले. पोस्टकार्डं यायची, तीही गठ्ठे पाडलेली. तुमची आई झाली तेव्हाचं कार्ड: 'ऐकलं: तुका चेडू झाला. पाहिलं नाही. घेऊन ये.' दर मे महिन्यात 'जाऊ' म्हणायचे मी. गेले नाही. मग त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं. तात्या गेले, हे माझ्या 'ऐकलं'च्या गठ्ठ्यातच राहिलं आहे.

सई, पुलाखाली तुला जिथवर पोचता आलं नसेल, ते लिहिलंस का? दुसरं पान लागलं तर लागू दे.

चार चिमट्यांपैकी तीन उरले आहेत. दोन गॅलरीतल्या दोरीवर असतात. तिसऱ्यात तात्यांची पोस्टकार्डं आहेत आणि माझ्या दोन ओळींच्या रिपोर्टची कार्बन प्रत.