सहीऐवजी अंगठा

कोर्टातल्या टायपिस्टबाई म्हणजे नाकासमोर चालणाऱ्या. सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत बसल्या. टायपिंगमध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. साहेब, म्हणजे न्यायाधीश, त्यांच्या कागदावर डोळे झाकून सही करायचे. याचा बाईंना कोण अभिमान! घरी सुनेला दहा वेळा ऐकवून झालं होतं.

आणि करत काय होत्या? सकाळी आल्या आल्या त्या दिवसाच्या सगळ्या आरोपींचे कागद तयार करून ठेवायच्या. त्यात 'पोलिसांविरुद्ध तक्रार नाही' ही ओळ आधीच टाकलेली. माणूस अजून पोलिसांच्या गाडीतून उतरलाही नाही आणि म्हणे तक्रार नाही! वेळ वाचतो, दुसरं काय.

त्या दिवशी तिसरा आरोपी पाय फरफटत आत आला. बाईंनी मान वर केली. हा तर आपला वायरमन. कोर्टातले पंखे हाच दुरुस्त करायचा आणि जाताना दुरुस्तीच्या वहीत झोकदार सही ठोकायचा. चोरीच्या संशयावरून पाच दिवस कोठडीत होता, पोलिसांना अजून सात दिवस हवे होते. दोन्ही हात त्याने पोटाशी धरले होते.

"काही तक्रार?" साहेबांनी फायलीतून मान न उचलता विचारलं.

वायरमनने शेजारच्या हवालदाराकडे पाहिलं. "बोटांवर दांडके मारतात, साहेब. परत तिथे नका पाठवू."

"रक्तबिक्त तर काही दिसत नाही. कबूल करायचं नसलं की सगळे हेच सांगतात. बाई, नेहमीचं राहू द्या."

बाईंनी राहू दिलं. हो, राहू दिलं. खोटं कशाला सांगा?

मग सहीसाठी कागद पुढे केला. वायरमनच्या हातात पेन ठरेना, दोनदा खाली पडलं. "अंगठा घ्या की," म्हणत हवालदारानेच त्याचा अंगठा शाईत दाबून कागदावर टेकवला.

आता तिथला नियम असा, की अंगठा घेतला तर त्याखाली कारण टायपिस्टने स्वतःच्या हाताने लिहायचं. कारण ठरलेलंच असायचं, निरक्षर. बाईंनी पेन उचललं, जरा थांबल्या आणि लिहिलं, 'सही येते. बोटं सुजल्यामुळे पेन धरता येत नाही.'

साहेबांनी नेमका त्याच दिवशी चष्मा लावला. "निरक्षर लिहा, बाई."

"त्याच्या सह्या आपल्याच कपाटात आहेत, साहेब." बाईंनी कपाटाकडे बोट दाखवलं. "वरची, मी टाइप केलेली ओळ खोटी आहे. ही खरी आहे."

साहेबांनी फाईल मिटली. मग त्रासून म्हणाले, "न्या त्याला सरकारी डॉक्टरकडे. अहवाल आला की कोठडीचं बघू."

हवालदार गालातल्या गालात हसला. ते हसू बाईंना बरोबर कळलं. डॉक्टरच्या टेबलावरही कागद तयारच असतात, 'जखम आढळली नाही' असे. असे शेकडो अहवाल बाईंनी स्वतः फायलीला लावले होते.

त्यांनी कपाटातून दुरुस्तीची वही काढून काखोटीला मारली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोर्ट चालू असताना खुर्ची सोडली.

"अहो, कुठे निघालात? चौथा आरोपी उभा आहे."

"त्याला थांबवा, साहेब. आल्यावर त्याला विचारून लिहिते," बाई म्हणाल्या, आणि वायरमन आणि हवालदार यांच्या मध्ये राहून डॉक्टरकडे चालू लागल्या.