आबांचे काळे फोटो

माझे वडील, आबा गेले, तेव्हा तेराव्याला हार घालायला त्यांचा फोटो हवा होता. भाऊबंद निर्धास्त होते. "पोराला कॅमेऱ्याचा नाद, त्याच्याकडं लई फोटो असतील," म्हणाले. होते ना, ढिगानं होते. पण एकातही चेहरा नव्हता.

आई-आबा बजाजनगरला माझ्याकडंच राहायचे. मी वाळूजच्या एका कारखान्यात रात्रीच्या तिसऱ्या पाळीला होतो. पाळी सुटली की मेल्यासारखं झोपावं, पण कॅमेऱ्याची हौस गप्प बसू देईना. थंडीत सूर्य उशिरा निघतो. मी कामावरून थेट घरामागच्या माळावर जायचो, आबा तिथं आधीच येऊन थांबलेले असायचे.

मी गुडघ्यावर बसून कॅमेरा खाली धरायचो, म्हणजे आबा आख्खे आभाळात यायचे. कॅमेऱ्यात उजेड आभाळावर मोजला की माणूस आपोआप काळा पडतो, नुसता आकार उरतो; मला तेच हवं असायचं. मात्र हात अंगाला चिकटला तर माणसाचं पोतं दिसतं. मी ओरडायचो, "कोपर बाहेर काढा! मान तिकडं! अहो, नाक दिसू द्या!" डोळे चुरचुरत असायचे, आवाज उगीच चढायचा. आबा मुकाट सांगेल तसं उभे राहायचे. एकदा म्हणाले, "एखादा समोरून बी काढ की." मी म्हणालो, "तसा तर कुणीबी काढतं." पुन्हा त्यांनी विषय काढला नाय.

तेराव्याच्या आदल्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या स्टुडिओत गेलो. तिथल्या चाचांनी एकेक फोटो उघडून कॉम्प्युटरवर उजेड वाढवला. काळ्याचं करडं झालं, तोंड काय उमटलं नाय. "मियाँ, इसमें चेहरा हैच नहीं," चाचा हळूच म्हणाले. शेवटी मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. त्यात आबा भलतेच कुणीतरी दिसत होते. मी इतका थकलो होतो, की तोच गुंडाळून घरी आणला.

आईनं गुंडाळी उलगडून फोटो बघितला. मग म्हणाली, "दाढी वाढलीय ह्यात."

"तेवढाच होता गं."

"तुझ्याकडं माळावर असं कधी नाय गेले. अंधारात उठायचे, गार पाण्यानं दाढी करायचे. मी म्हणायचे, एवढ्या थंडीत कशाला? तर म्हणायचे, पोरगं फोटो काढतंय."

रोज दहा पावलांवर होतो मी. मला एकदाही दिसलं नाय.