मामाचा खोका आणि आईचा आवाज

गल्लीत तिला चूपताई म्हणतात. म्हणणारच! घराच्या मागच्या खोलीत तिचा रेकॉर्डिंग स्टुडिओ, आणि उठल्यासुटल्या खिडकीतून तिचं डोकं बाहेर येतं, "ए, जरा चूप बसा रे!" बाई मनाची चांगली हो, पण एक खोड आहे. कुठला आवाज असा का आला हे कळेपर्यंत तिला अन्न गोड लागत नाही.

त्या दिवशी सकाळपासून ती मामाच्या जुन्या खोक्याशी झटत होती. दुसऱ्या दिवशी बारा जण गायला येणार होते. तिच्या स्वतःच्या खोक्यात, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचवणाऱ्या यंत्रात, माइक बसायचे आठच. मामाने त्याचा स्टुडिओ बंद करताना खोका भाचीला देऊन टाकला होता, तो तिने माळ्यावरून काढला, पुसला आणि जोडला. तर आवाज अडखळायला लागला! दोन्ही खोके एकाच वायरीतून कॉम्प्युटरमध्ये घुसत होते, मग चेंगराचेंगरी होईल नाहीतर काय? तिने दोघांना वेगळ्या वायरी दिल्या, नको ते चॅनेल बंद केले. अडखळणं थांबलं, पण आता मधूनच टक्, टक्.

"हां, भांडताय होय!" ती खोक्यांना म्हणाली. डिजिटल यंत्र आवाजाचे सेकंदाला हजारो तुकडे करतं. दोन यंत्रांनी आपापल्या घड्याळाने तुकडे केले की कुठेतरी चुकामूक होतेच. एकाने ठेका धरायचा, दुसऱ्याने निमूट मागे चालायचं. मामाचा खोका आडमुठा, कुणाचं ऐकेना. मग पुढारीपण त्यालाच दिलं. टकटक गेली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

माइकवर उगाच थोडी बडबड करून तिने ऐकली. झकास! खात्री म्हणून तीच फाईल मोबाइलवर लावली, तर आवाज बारीक, घाईघाईचा. आधी तिला हसू फुटलं. मग ते थांबलं. तो आवाज तिच्या आईचा होता. हुबेहूब.

आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. मागे राहिलं ते मामाच्या स्टुडिओत केलेलं गोष्टींचं एक रेकॉर्डिंग. आई म्हटलं की तिच्या कानात यायचा तो हाच बारीक, लगबगीचा आवाज. दुसरा काही आठवतच नव्हता. बाबा मात्र ते लावलं की उठून जायचे. "ही ती नव्हे," म्हणायचे. "तिचा आवाज तुझ्यासारखा होता." आपली समजूत घालतात झालं, असं तिला वाटायचं. आपल्यात आईचं काहीच उतरलं नाही याचं तिला फार वाईट वाटायचं.

मग आज आपला आवाज तिच्यासारखा कसा?

ती खोक्याच्या मागे जाऊन वाकली, सेटिंग पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मामाचा खोका सेकंदाला चव्वेचाळीस हजार आणि वर थोडे तुकडे करत होता, आणि कॉम्प्युटर मात्र फाईलवर अठ्ठेचाळीस हजार लिहून मोकळा होत होता. स्टुडिओत, त्याच खोक्याच्या ठेक्यावर ऐकलं तर बिंग फुटतच नाही. दुसरीकडे लावलं की तुकडे भराभर संपतात आणि आवाज वर चढतो.

"अगं बाई," ती पुटपुटली. "मामाकडेसुद्धा पुढारी हाच असणार! म्हणजे आईचा आवाजही असाच वर चढलाय!"

तिने मामाच्या खोक्याची वायर काढली. आईची फाईल उघडली, अठ्ठेचाळीस खोडून तिथे चव्वेचाळीस घातलं. आणि तिचं बोट बटणावर अडलं. चुकीचा असो नाहीतर कसाही, तो आवाज म्हणजेच तिची आई होती. एकदा खरा ऐकला आणि तो परक्या बाईचा वाटला तर? मग आपल्याकडे काय उरलं? पण चूपताईला राहवतंय कुठे? तिने बटण दाबलं.

आवाज खालचा निघाला. सावकाश, जरासा घोगरा. आई गोष्ट सांगत होती, आणि आपण ही गोष्ट कधी रेकॉर्ड केली, असं तिला क्षणभर खरंच वाटलं. बाबा समजूत घालत नव्हते तर. तिला रडू आलं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की दार उघडं राहिलंय हेसुद्धा तिच्या लक्षात आलं नाही.

गोष्टीच्या मध्येच आई थांबली आणि वैतागून म्हणाली, "अहो, तो पंखा बंद करा ना! किती वेळा सांगायचं?"

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली.

"हो हो, करतो, करतो," म्हणत बाबा घाईघाईने आत आले आणि दाराजवळच्या भिंतीवर बटण चाचपडू लागले. त्या खोलीत पंखा नव्हताच. त्यांनी वर पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग स्पीकरकडे.

आईने पुन्हा गोष्ट धरली. बाबा तिथेच, दारात खाली बसले, आणि या वेळी उठले नाहीत.